जुन्या विनोदी मालिका पुन्हा पाहताना हसू नेमकं कुठे अडतं?

अर्धविराम

"आता नाही बुवा हसू येत" हा शेरा जुन्या विनोदी मालिकांवर सर्रास मारला जातो आणि खापर फुटतं ते लेखकावर किंवा बदललेल्या काळावर. माझं मत असं की निम्म्या वेळा आपण मूळ मालिका पाहतच नसतो. कडा कापलेल्या असतात, वेग बदललेला असतो, हशा भलत्याच पातळीवर ऐकू येत असतो, शेवटचा तुकडा अॅपने गिळलेला असतो. विनोदाचं सगळं गणित अर्ध्या सेकंदावर आणि चौकटीच्या एखाद्या कोपऱ्यावर असतं. तेवढं बिघडलं तरी पंच, म्हणजे विनोदाचा शेवटचा टोला, पडत नाही. म्हणून कुठे काय बिघडतं आणि ते कसं दुरुस्त करायचं, ते इथे एका जागी जमवू या.

सुरुवात चौकटीपासून करतो. साधारण २००० सालाच्या आधीच्या बहुतेक मालिका ४:३ (रुंदी चार, उंची तीन) चौकटीसाठी रचलेल्या आहेत, आणि आपला पडदा असतो १६:९. मग तीनच गोष्टी होऊ शकतात. एक, दोन्ही बाजूंना काळे पट्टे ठेवून मूळ चित्र जसंच्या तसं दाखवणं. दोन, चित्र आडवं ताणणं. यात माणसं ३३ टक्के रुंद होतात. तीन, रुंदी भरेपर्यंत चित्र मोठं करून वरून-खालून छाटणं; यात उंचीचा चौथा भाग जातो. तिसरा प्रकार सर्वांत फसवा, कारण चित्र दिसायला ठीक दिसतं.

याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण 'साइनफेल्ड'चं. मालिका ३५ मिमी फिल्मवर चित्रित झालेली, त्यामुळे नव्याने स्कॅन करताना बाजूंना थोडं जास्तीचं चित्र मिळालं, पण वरचं आणि खालचं गेलं. २०२१ मध्ये ती नेटफ्लिक्सवर आली तेव्हा लोकांच्या लक्षात आलं की रस्त्यावरच्या खड्ड्याभोवती फिरणाऱ्या भागात पात्रं खाली बघून बोलताहेत आणि खड्डा चौकटीतच नाही! 'द सिम्पसन्स'चंही तेच झालं. बिअरच्या कारखान्यातला एक प्रसंग आहे: तीन वेगवेगळ्या नावांच्या टाक्या, आणि तिन्हींना वरून एकाच नळातून येणारी तीच बिअर. २०१९ मध्ये डिस्ने प्लसवर मालिका आली ती वरून छाटलेली. नळ गेला, उरल्या नुसत्या तीन टाक्या, आणि विनोद संपला. प्रेक्षकांनी ओरड केल्यावर मे २०२० पासून मूळ चौकटीचा पर्याय तिथे मिळायला लागला.

तपासायचं कसं? उभ्या माणसांच्या क्लोजअपमध्ये कपाळ सतत कापलं जातंय का ते पाहा. नामावलीची अक्षरं खालच्या कडेला चिकटलीत का ते पाहा. आणि टीव्हीचं झूम 'ओरिजिनल'वर आहे ना, याची खात्री करा. ते 'वाइड' किंवा 'ऑटो'वर असेल तर काळे पट्टे दिसले की टीव्ही स्वतःच चित्र ताणू शकतो.

रिमोटधारी

उत्तम धागा. 'फ्रेंड्स'ला मात्र रुंद चौकट बरी दिसते असं माझं निरीक्षण आहे. की तिथेही काही कापलंय?

अर्धविराम

'फ्रेंड्स'सुद्धा ३५ मिमीवरच आहे. तिथे छाटण्यापेक्षा बाजू उघडण्यावर भर होता. त्याचा तोटा उलट दिशेने होतो: जे दिसू नये ते दिसतं. काही दृश्यांत कडेला सेटची बाजू उघडी पडते, तर एक-दोन ठिकाणी चक्क अभिनेत्रीच्या जागी उभी केलेली दुसरीच बाई चौकटीत येते. चित्रीकरणाच्या वेळी तो भाग टीव्हीवर जाणारच नव्हता, त्यामुळे कुणाला त्याची फिकीर नव्हती. विनोदाला त्याने फारसा धक्का लागत नाही, पण दोघांचं जवळचं बोलणं उगाच मोकळंढाकळं, दूरचं वाटायला लागतं.

लाल दिवा

चौकटीइतकाच महत्त्वाचा हशा. "मागून हसायला लावतात" म्हणून लोक नाकं मुरडतात, पण या हशाचेही प्रकार आहेत आणि प्रत्येक प्रकार वेगळ्या कामाचा आहे.

पहिला प्रकार खऱ्या प्रेक्षकांचा. १५ ऑक्टोबर १९५१ ला 'आय लव्ह लूसी' सुरू झाली. तिच्यासाठी कार्ल फ्रॉइंड या छायालेखकाने तीन ३५ मिमी कॅमेरे एकाच वेळी चालवण्याची आणि सेटसमोर प्रेक्षक बसवण्याची पद्धत बसवली. हेच फ्रॉइंड १९२७ च्या 'मेट्रोपोलिस'चे एक छायालेखक. तीन कॅमेरे एकत्र चालवण्याचा खरा फायदा पैशांच्या बचतीहून मोठा आहे. लूसीची करामत आणि नवऱ्याचा चेहरा हे दोन्ही एकाच क्षणाचे, एकाच हशावरचे असतात. एकच कॅमेरा असेल तर नवऱ्याची प्रतिक्रिया दहा मिनिटांनी, दुसऱ्या मांडणीत, कुणी हसत नसताना द्यावी लागते. अनुभवी नट तीही देतो, पण ती त्या हशातून उगवलेली नसते.

दुसरा प्रकार यंत्रातला. १९५० च्या 'द हँक मॅक्यून शो'मध्ये प्रेक्षक नव्हते, तरी हशा घातला होता. पुढे चार्ल्स डग्लस या ध्वनी अभियंत्याने त्यासाठी एक पेटीच बनवली. ३२ फिती, प्रत्येकीवर १० हशे, म्हणजे ३२० हशे. टाइपरायटरसारख्या कळा दाबून हशा निवडायचा आणि पायाखालच्या पेडलने तो किती वेळ चालवायचा, कसा विरवायचा ते ठरवायचं. हे कामही तालाचंच आहे. नीट केलेलं असेल तर आधी एक-दोघं हसतात, मग बाकीचे. म्हणजे कुणाला विनोद आधी कळला आणि कुणाला उशिरा, हेसुद्धा त्यात असतं. वाईट केलेलं असेल तर सगळे एकदम हसतात आणि एकदम गप्प होतात. जुनी मालिका पाहताना हशाची सुरुवात आणि शेपूट ऐका, लगेच फरक कळेल.

तिसरा प्रकार मिश्र, आणि तो सर्वाधिक आढळतो. प्रेक्षक खरे, पण तिसऱ्या टेकला ते थकलेले. मग पहिल्या टेकचा हशा तिसऱ्या टेकवर चढवतात. ब्रिटिश मालिकांत बाहेरची दृश्यं आधीच चित्रित करून स्टुडिओतल्या प्रेक्षकांना पडद्यावर दाखवायचे आणि त्यांचा हशा तिथेच ध्वनिमुद्रित करायचे. म्हणून रस्त्यावरच्या दृश्यातही हशा येतो आणि तो खरा असतो.

लष्करी इस्पितळातल्या डॉक्टरांवरची 'मॅश' (१९७२ ते १९८३) इथे अभ्यासण्यासारखी आहे. निर्मात्यांना हशा नकोच होता, वाहिनीला हवा होता. तडजोड अशी झाली की शस्त्रक्रियेच्या खोलीतल्या दृश्यांना हशा लावायचा नाही. ब्रिटनमध्ये बीबीसीने ती हशाशिवायच दाखवली, आणि पुढे डीव्हीडीवर हशा बंद करण्याची सोयही आली. एकच भाग दोन्ही प्रकारे पाहावा. हशासकट तो खट्याळ वाटतो, हशाविना थकलेल्या डॉक्टरांची बडबड वाटते. दोन्ही चांगलेच, पण दोन वेगळे भाग आहेत ते.

तिरपी खुर्ची

माहिती छान आहे, पण मूळ मुद्द्याशी असहमत. कुठे हसायचं हे प्रेक्षकाला सांगावं लागत असेल तर विनोद कच्चा आहे. हशा काढून टाकलेल्या चित्रफिती बघा, त्या मालिका किती भकास वाटतात! हशा काढल्यावर जे उरतं तेच खरं लेखन, असं माझं स्पष्ट मत आहे.

लाल दिवा

तिरपी खुर्ची, त्या चित्रफितींवरून हा निष्कर्ष काढता येत नाही. तिथे हशा काढलाय, पण हशासाठी सोडलेली जागा तशीच ठेवलीय. रंगभूमीवर नट हशा वसूल होईपर्यंत थांबतो. पुढचं वाक्य हशात बुडू देत नाही. अगदी लगेचही बोलत नाही आणि पूर्ण शांतताही होऊ देत नाही, हशा उतरणीला लागला की पुढचं वाक्य टाकतो. हशाखालचे ते दोन-तीन सेकंद नटाने रिकामे सोडलेले नसतात. तो बघतो, वळतो, हातातली वस्तू ठेवतो. आवाज पुसला की तोच नट खुळ्यासारखा थांबलेला दिसतो. कुठल्याही चांगल्या फार्सचं असं केलं तरी तेच होईल.

लेखनही मुळातच वेगळं असतं. प्रेक्षकांसमोरच्या मालिकेची संहिता दुहेरी ओळी सोडून टाइप करतात आणि ती साधारण ४५ पानांच्या आसपास जाते. एका कॅमेऱ्यावरच्या मालिकेची साधारण ३० पानं. वेळ दोन्हींना सारखाच, २२ मिनिटांच्या आसपास. पहिल्या प्रकारात आठवडाही ठरलेला: पहिल्या दिवशी सगळे टेबलाभोवती बसून वाचन, मग दोन दिवस तालमी आणि रोज रात्री फेरलेखन, चौथ्या दिवशी कॅमेऱ्यांच्या जागा, पाचव्या दिवशी प्रेक्षक. तालमीत न चाललेली ओळ त्याच रात्री बदलते. प्रेक्षकांसमोर पंच पडला नाही तर दोन टेकच्या मध्ये लेखक कोपऱ्यात जमून पर्यायी ओळ देतात. म्हणजे हशा हा नंतर लावलेला मसाला नाही, लेखनाची चाचणी आहे.

'द ऑफिस' (ब्रिटिश, २००१) हशाशिवाय चालते, कारण तिथे हशाची जागा कॅमेऱ्याकडे टाकलेल्या नजरेने घेतली आहे. पंचनंतरचा तो एक सेकंद तिथेही आहेच. फक्त तो भरला आहे अवघडलेपणाने.

तिरपी खुर्ची

रिकाम्या जागेचा मुद्दा पटला. तरी यंत्रातल्या ३२० हशांबद्दल माझं मत तेच राहील. नटाने थांबून मिळवलेला हशा आणि नंतर कळ दाबून दिलेला हशा यांना एकाच रांगेत बसवू नये.

कानोसा

आवाजाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण "हशा फार कर्कश वाटतो" या तक्रारीचं मूळ मालिकेपेक्षा जास्त वेळा सेटिंगमध्ये असतं.

नव्याने सुधारून आलेल्या मालिकांना बऱ्याचदा ५.१ आवाज दिलेला असतो. त्यात संवाद मधल्या स्पीकरसाठी आणि हशा मुख्यतः डाव्या-उजव्या व मागच्या स्पीकरसाठी ठेवतात. टीव्हीला स्पीकर दोनच. मग मधला आवाज दोन्हींत ३ डेसिबल कमी करून मिसळला जातो, आणि डाव्या-उजव्यातला हशा मात्र पुऱ्या ताकदीने येतो. टीव्हीचे पातळ स्पीकर तसेही संवादाला फार साथ देत नाहीत. परिणाम काय, तर ओळ ऐकायला आवाज वाढवायचा आणि हशाला दचकून कमी करायचा. उपाय: अॅपमध्ये ऑडिओची यादी उघडून ५.१ ऐवजी स्टीरिओ निवडा. साउंडबारला मधला स्पीकर वेगळा असेल तर तो २ ते ४ डेसिबल वर घ्या. बहुतेक तक्रारी इथेच मिटतात.

'नाइट मोड' विनोदाला मारक आहे. तो हळू आवाज वर उचलतो आणि मोठा खाली दाबतो. त्यामुळे पहिल्या ओळीवरची खसखस आणि शेवटच्या ओळीवरचा स्फोट एकाच मापाचे होतात. चांगल्या भागात हशे चढत जातात: छोटा, मधला, मोठा. ती चढणच सपाट झाली की प्रत्येक ओळ सारखीच वाटायला लागते आणि कान कंटाळतात. मालिका रटाळ झाली असं वाटतं ते यामुळेही.

'क्लिअर व्हॉइस' छापाच्या सोयी जपून वापरा. त्या व्यंजनं ठळक करायला वरच्या पट्टीतला आवाज वाढवतात, आणि टाळ्या त्याच पट्टीत असतात. मूळ मोनो आवाज असलेल्या जुन्या मालिकांना 'सराउंड' इफेक्ट बंदच ठेवावा, नाहीतर माणूस पडद्यावर आणि आवाज खोलीभर.

ब्लूटूथ स्पीकर हा वेगळाच विषय. साध्या जोडणीत आवाज १०० ते २०० मिलिसेकंद उशिरा येऊ शकतो. आवाज चित्राच्या मागे पडला तर साधारण १२५ मिलिसेकंदांपर्यंत जाणवत नाही. आवाज पुढे गेला तर ४५ लाच जाणवतो. संवादात एवढी तफावत खपून जाते, पण अंगविक्षेपी विनोदात नाही. दार आपटतं, माणूस दचकतो, मग आवाज येतो. अशा क्रमाने कोण हसणार! टीव्हीतलं 'एव्ही सिंक' बहुधा आवाज आणखी मागे ढकलण्यासाठीच असतं, त्यामुळे आधीच उशिरा येणाऱ्या आवाजाला त्याचा उपयोग नाही. तार लावा किंवा एचडीएमआय एआरसी (टीव्हीचा आवाज केबलने स्पीकरपर्यंत नेणारी जोडणी) वापरा.

रिमोटधारी

कानोसा, स्टीरिओचा उपाय लगेच लागू पडला. धन्यवाद. अजून एक विचारतो: नव्या टीव्हीवर फिल्मवरची मालिकासुद्धा घरगुती व्हिडिओसारखी गुळगुळीत दिसते. सेट खोटा वाटतो, कपडे भाड्याचे वाटतात. हे कशाने?

अर्धविराम

मोशन स्मूदिंग. फिल्मवर सेकंदाला २४ चित्रं असतात. टीव्ही त्यांच्या मधली चित्रं स्वतः कल्पून भरतो. सोनीवर त्याला मोशनफ्लो म्हणतात, एलजीवर ट्रूमोशन, सॅमसंगवर ऑटो मोशन प्लस किंवा पिक्चर क्लॅरिटी. पूर्ण बंद करा. २०२० पासून काही टीव्हींवर 'फिल्ममेकर मोड' येतो. तो निवडला की हे आपोआप बंद होतं आणि चौकटही ताणली जात नाही. विनोदात याचा खास तोटा असा की नटाची झटकन मान वळवण्याची लकब मऊ होते. झटका हाच तिथे पंच असतो.

पडद्याआड

वरच्याला एक महत्त्वाचा अपवाद. ब्रिटिश स्टुडिओतल्या जुन्या मालिका व्हिडिओटेपवर आहेत आणि त्यांची हालचाल मुळातच सेकंदाला ५० वेळा टिपलेली आहे. 'फॉल्टी टॉवर्स' ही हॉटेलवरची मालिका घ्या (१९७५ आणि १९७९, सगळे मिळून १२ भाग). आतली दृश्यं व्हिडिओवर, बाहेरची १६ मिमी फिल्मवर. आत हालचाल तरतरीत आणि दाराबाहेर पाऊल टाकलं की वेगळाच पोत, हे मूळचंच आहे, बिघाड नाही. उलट काही आवृत्त्यांत आतली ५० ची हालचाल निम्मी करून २५ वर आणलेली असते. मग हॉटेलमालकाची धावपळ अडखळत दिसते. हात हलताना कडेला कंगव्यासारख्या रेषा दिसल्या तर समजावं की रूपांतर धड झालेलं नाही. अशा वेळी सेटिंगशी खेळण्यात अर्थ नाही, दुसरी आवृत्ती शोधावी.

वेगाचंही लिहून ठेवतो. २४ चित्रांची अमेरिकन मालिका २५ वर चालणाऱ्या प्रक्षेपणासाठी दिली की ती साधारण ४ टक्के वेगाने धावते. २२ मिनिटांचा भाग ५३ सेकंद आधी संपतो आणि आवाज दुरुस्त केला नसेल तर सगळ्यांचे गळे किंचित चढे लागतात. शीर्षकगीत पाठ असेल तर तिथे चटकन पकडता येतं.

शेवटची ओळ

सबटायटलांचा उल्लेख अजून कसा नाही? परभाषेतली मालिका आपण वाचत वाचत पाहतो, आणि सर्वांत जास्त विनोद मरतात ते इथेच.

नियम साधारण असे: एका वेळी दोन ओळी, इंग्रजीत ओळीला ४२ अक्षरं, पडद्यावर जास्तीत जास्त ७ सेकंद. डोळा कानापेक्षा वेगवान. दोन ओळी दिसल्या की पात्र पहिल्या ओळीत असतानाच आपण दुसरी वाचून मोकळे. समजा पात्र म्हणतं, "मी त्याला स्पष्ट सांगितलं, की मी कुणालाही घाबरत नाही..." आणि मग दार वाजल्यावर, दोन सेकंद थांबून, "आई आली का?" हे सगळं एकाच कार्डावर (एका वेळी पडद्यावर दिसणाऱ्या मजकुरात) आलं तर नट थांबलेला असताना आपण हसून झालेलो असतो, आणि त्याने ओळ म्हटली तेव्हा चेहरा कोरा. चांगला सबटायटलकार दोन कार्डं करतो आणि दुसरं कार्ड ओठ उघडण्याच्या क्षणी टाकतो, आधी मुळीच नाही.

लांब वाक्यांचं दुखणं वेगळं. 'येस मिनिस्टर'मध्ये मंत्र्यांचे सचिव असलेल्या सर हम्फ्रींचं वाक्य संपतच नाही, आणि ते संपत नाही हाच विनोद. ही भूमिका करणारे नायजेल हॉथॉर्न ते एका दमात घेतात आणि शेवटी प्रेक्षक हशाबरोबर टाळ्याही देतात. जागा वाचवायला सबटायटलात त्याचा सारांश दिला की मंत्र्यांच्या चेहऱ्यावरचा गोंधळ निराधार होतो, कारण आपल्याला सगळं कळलेलं असतं! तिथे अनुवाद पूर्णच हवा, आणि वाचायला जमलं नाही तरी चालेल. मंत्र्यांनाही जमलेलं नाहीये.

उच्चारातला विनोद मात्र अक्षरांत येतच नाही. 'साराभाई व्हर्सेस साराभाई'मधली माया ज्या सुरात "मोनिशा" म्हणते, त्यात अख्खा सासूपणा आहे. सबटायटलात उरतं नुसतं नाव. ही मालिका २००४ मध्ये आली तेव्हा तिला फार टीआरपी नव्हता, नाव झालं ते नंतर, पुन्हा पुन्हा पाहिली गेल्यावर. मला वाटतं, सूर कानात बसायला वेळ लागतो आणि दुसऱ्या फेरीत तो आधीच बसलेला असतो, हे त्यातलं एक कारण असावं.

भाषा बऱ्यापैकी समजत असेल तर सबटायटल त्याच भाषेतलं लावा. न कळलेला शब्द डोळ्याने उचलता येतो आणि कान मोकळा राहतो. अक्षरांचा आकार लहान ठेवा, पार्श्वभूमी पारदर्शक ठेवा. मोठं काळं पान खाली आलं की नटांचे हात झाकले जातात, आणि विनोदी नटाचे हात झाकणं म्हणजे निम्मा नट झाकणं.

सांजवेळ

डबिंगबद्दल काय मत? मला सबटायटलपेक्षा तेच बरं वाटतं, नजर चेहऱ्यावर राहते.

शेवटची ओळ

नजर चेहऱ्यावर राहते हे खरंच. अडचण शब्दक्रमाची. पंचचा शब्द मूळ भाषेत वाक्याच्या शेवटी असेल तर डबिंगमध्येही तो शेवटीच यायला हवा. इंग्रजीत कर्म शेवटी येऊ शकतं, मराठी-हिंदीत शेवटी क्रियापद. "त्याने लग्नात आणली... त्याची बायको" असं मोडून लिहावं लागतं, सरळ व्याकरणाने गेलं तर "बायको" मधे आणि "आणली" शेवटी, म्हणजे पंच पडून गेल्यावर वाक्य रेंगाळतं. चांगले संवादलेखक ही उलथापालथ कानाला खटकू न देता करतात. दुसरं म्हणजे, हशा मूळ ट्रॅकवर वेगळा मिळाला नसेल तर डबिंगवाल्यांना तो नव्याने भरावा लागतो आणि तिथे मग एकसुरी हशा येतो. 'मिस्टर बीन'सारखी, १५ भागांची, जवळपास संवादच नसलेली मालिका जगभर चालली ती या सगळ्या कटकटी टाळूनच.

दुपारची सावली

मला वाटतं सध्याची सर्वांत मोठी कापाकापी मोबाइलवर होते आहे: उभ्या क्लिप. १६:९ चित्रातून पूर्ण उंचीची ९:१६ पट्टी कापली तर रुंदीचे जेमतेम ३२ टक्के उरतात. दोन तृतीयांश चित्र बाहेर!

'महाराष्ट्राची हास्यजत्रा' किंवा 'चला हवा येऊ द्या'सारख्या कार्यक्रमांतली स्किट रंगमंचावरची आहेत. त्यात एक बडबड्या आणि एक ऐकणारा अशी जोडी असते. हशा बडबड्याच्या ओळीवर सुरू होतो, पण तो वाढतो ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर. उभी पट्टी बोलणाऱ्याच्या मागे धावते आणि ऐकणारा गायब होतो. प्रेक्षक खो खो हसताहेत आणि आपल्याला कळत नाही कशाला. मग "उगाच हसतात" असा शेरा पडतो. ऐकणारा नट हा स्किटचा कणा असतो, त्याच्या कामाला क्लिपमध्ये शून्य किंमत मिळते याचं फार वाईट वाटतं.

दुसरं, क्लिप सुरू होते पंचच्या पंधरा-वीस सेकंद आधी. स्किटमध्ये एखादं वाक्य पहिल्या मिनिटात साधेपणाने येतं, मधे एकदा वळसा घेऊन येतं आणि शेवटी उलटं होऊन येतं. तिसऱ्या वेळचा हशा पहिल्या दोनांवर उभा असतो. क्लिपमध्ये फक्त तिसरी वेळ दिसते. अख्खं स्किट आडव्या पडद्यावर पाहावं. तेवढा वेळ नसेल तर निदान क्लिप पाहून मत देऊ नये.

तिरपी खुर्ची

+१. ऐकणाऱ्या नटाबद्दल शंभर टक्के सहमत. 'श्रीयुत गंगाधर टिपरे'मध्ये प्रभावळकरांचे आबा काही न बोलता नुसतं बघतात, त्या बघण्यावर प्रसंग तोलला जातो. छोट्या पडद्यावर डोळे दिसलेच नाहीत तर काय उरलं!

अर्धविराम

अॅपच्या तीन सोयींबद्दलही लिहायला हवं.

'पुढचा भाग' आपोआप सुरू होणं बंद करा. नेटफ्लिक्समध्ये प्रोफाइलच्या प्लेबॅक सेटिंगमध्ये ती खूण काढता येते. अनेक मालिकांत नामावलीच्या वेळी वीस-तीस सेकंदांचा शेवटचा तुकडा असतो आणि भागात पेरलेली एखादी गोष्ट तिथे उगवते. अॅपला नामावली दिसली की ते चित्र कोपऱ्यात लहान करतं किंवा थेट पुढे उडी मारतं.

'इंट्रो वगळा' एकदा-दोनदा ठीक, पण शीर्षकाआधीचा छोटा प्रसंग मोठ्या हशावर संपवलेला असतो आणि शीर्षकगीत ही त्यानंतर श्वास घ्यायची जागा आहे. ते उडवलं की पुढच्या दृश्याची पहिली ओळ आधीच्या हशाच्या शेपटावर आदळते. 'द सिम्पसन्स'मध्ये तर शीर्षकातच फळ्यावरचं वाक्य आणि सोफ्याचा प्रसंग बदलत असतो.

आणि वेग. दीडपट वेगाने बातम्या ऐका, व्याख्यानं ऐका, विनोद नको. दोन सेकंदांचा थांबा १.३ सेकंदांवर येतो. नटाने मोजून घेतलेली जागा नाहीशी होते आणि सगळी पात्रं एकाच घाईत असल्यासारखी बोलतात, मंद पात्रसुद्धा. ज्या जोडीत एक संथ आणि एक उतावळा आहे, तिचा विनोद त्या तफावतीवरच असतो.

सांजवेळ

खूप उपयोगी चर्चा, वाचनखूण साठवली. शेवटचा प्रश्न: आपल्यासमोरची आवृत्ती कापलेली आहे की नाही, हे मूळ प्रत हाताशी नसताना कसं ओळखायचं?

पडद्याआड

घड्याळावरून बराच अंदाज येतो. १९५० च्या दशकातली अमेरिकन मालिका अर्ध्या तासाच्या जागेत २५ मिनिटांहून जास्त असायची. १९९० च्या दशकात जाहिराती वाढल्या आणि ती २२ च्या आसपास आली. जाहिराती नसलेल्या बीबीसीच्या मालिका साधारण २९-३०. मग जुन्या मालिकेचा भाग २२ मिनिटांचा दिसला तर तो पुनःप्रक्षेपणासाठी कापलेला असण्याची दाट शक्यता. २२ चा भाग २१ वर आला असेल आणि आवाज चढा असेल तर वेग. आवाज ठीक पण १९-२० मिनिटंच असतील तर कात्री.

कात्री कुठे चालते तेही ठरलेलं आहे. मुख्य कथानकाला कुणी हात लावत नाही, जातं ते उपकथानकातलं मधलं दृश्य. एखादं पात्र शेवटी चिखलाने माखून येतं, सगळे हसतात आणि ते कुठे पडलं हे आपण पाहिलेलंच नसतं. तिथे दृश्य गेलंय. हशा मध्येच तुटून पुढचं दृश्य सुरू झालं तर शेवटची ओळ गेलीय. दृश्य काळं होत होत संपलं आणि लगेच दुसरं उजळलं तर ती जाहिरातीची जागा आहे, तिथे चिंता नको.

संगीताकडेही लक्ष ठेवा. 'डब्ल्यूकेआरपी इन सिनसिनाटी' (१९७८ ते १९८२) ही रेडिओ केंद्रावरची मालिका; मूळ प्रक्षेपणात खरी गाणी वाजायची. पुढच्या आवृत्त्यांत हक्कांच्या कारणाने त्यातली बरीच बदलून सपाट वाद्यसंगीत घातलं गेलं, आणि गाण्याच्या नावावर किंवा शब्दांवर आधारलेल्या ओळी लटकल्या. पात्रं गाण्यावर काहीतरी बोलताहेत आणि मागे भलतंच संगीत वाजतंय असं जाणवलं, तर पंच लेखकाने चुकवलेला नाही. डीव्हीडीची जुनी आणि नवी आवृत्ती वेगळी असू शकते. पाकिटामागे भागांची मिनिटं आणि संगीत बदलल्याची सूचना बारीक अक्षरांत छापलेली असते, घेण्याआधी ती वाचावी.